पैठणचं पाणी, सिडकोची टाकी

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी एका ओळीत कळवला : ‘शिकले एक, करतात एक’. अशी माणसं शोधायला छत्रपती संभाजीनगरात फार हिंडावं लागत नाही. वाळूजच्या कंपनीत इतिहासाचा एम. ए. सुपरवायझर असतो आणि शेतकी पदवीधर मोबाईल दुरुस्त करत असतो. मला मात्र असा माणूस हवा होता, ज्याच्या शिक्षणात आणि धंद्यात वस्तू एकच आहे, तरी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो सिडकोत सापडला. दुकानावर ‘अ‍ॅक्वेरियम’ अशी पाटी, आत दोन्ही भिंतींना टाक्या, एअर पंपांची अखंड घरघर आणि काउंटरवर पीएच. डी. झालेले गृहस्थ.

नाव छापू नका, एवढी एकच अट त्यांनी घातली. विद्यापीठातले जुने विद्यार्थी त्यांना सर म्हणतात, आपणही तेच म्हणू. गिऱ्हाइकं त्यांना ‘डॉक्टर’ म्हणतात, पण ते पीएच. डी.मुळे नव्हे. मासा आजारी पडला की इथे यायचं, म्हणून. प्रबंधाची बांधीव प्रत गल्ल्यामागच्या फळीवर आहे आणि तिच्यावर माशांच्या खाद्याचे डबे ठेवलेले आहेत.

प्रत्येक धरणामागे एक प्रबंध

मराठवाड्यात धरण बांधलं की मागोमाग त्यावर पीएच. डी. होते, असं सर स्वतःच हसत सांगतात. माजलगाव, मांजरा, येलदरी, विष्णुपुरी, हर्सूलचा तलाव, कुठलंही नाव घ्या. तिथल्या माशांची आणि पाण्याची कोणीतरी दोन वर्षं नोंद ठेवलेली असते. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघालं. पुढे प्राणिशास्त्र विभागात मत्स्यशास्त्राकडे वळणाऱ्यांची कमतरता पडली नाही, कारण तासाभराच्या अंतरावर पैठणला नाथसागर होता. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेलं आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलेलं जायकवाडीचं धरण मातीचं आहे. भिंत सुमारे दहा किलोमीटर, आणि मागचा जलाशय, म्हणजेच नाथसागर, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात. एवढं पाणी अभ्यासाला मिळाल्यावर कोकणात कोण जाईल?

नाथसागराच्या काठी सकाळी लवकर गेलं तर कामाची पद्धत समजते. भोई मंडळी संध्याकाळी जाळी लावून येतात आणि उजाडताना उचलतात. होडी काठाला लागली की आधी कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस वेगळे होतात, कारण त्यांना भाव आहे. मग चिलापीचा ढीग. मरळ किंवा वाम निघाली तर ती टोपलीत वेगळी, ओल्या फडक्याखाली. आणि तळाशी उरतो तो बोटभर, चिमूटभर चिल्लर मासा. संशोधक विद्यार्थ्याला नेमका तोच हवा असतो. बाजाराला ज्याची किंमत शून्य, त्यासाठी तो पहाटेची एसटी पकडून आलेला असतो.

पुढचं काम प्रेमाचं नाही. मासा दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये जातो. मोठा असेल तर पोटाला चीर देतात, म्हणजे आतून सडत नाही. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, शाई विरघळते. प्रयोगशाळेत आल्यावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या बाजूच्या रेषेवरचे खवले मोजायचे, पाठीवरच्या पराचे काटे मोजायचे, व्हर्नियरने डोळ्याचा व्यास घ्यायचा आणि फ्रान्सिस डेच्या १८७५ ते १८७८ दरम्यान निघालेल्या ‘द फिशेस ऑफ इंडिया’शी किंवा मत्स्यशास्त्रज्ञ जयरामांच्या पुस्तकाशी ताडून पाहायचं. डॉक्टरेट होईपर्यंत सरांनी शेकडो मासे ओळखले. त्यातले जिवंत असताना नीट पाहिलेले फार थोडे.

प्रबंधात आणखी एक प्रकरण असतं, जे परीक्षकसुद्धा चाळून पुढे जातात : पाण्याचे भौतिक-रासायनिक घटक. दर महिन्याला तापमान, पीएच, कठीणपणा, विरघळलेला प्राणवायू. प्राणवायूसाठी विंकलरची पद्धत. बाटलीत पाणी भरायचं, रसायनं टाकायची, तपकिरी गाळ बसतो, आम्लाने तो विरघळवायचा आणि ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडत राहायचं. स्टार्चचा निळा रंग एका थेंबाला नाहीसा होतो आणि आकडा मिळतो. सरांनी हे इतक्या वेळा केलं की त्यांना त्याचा वीट आला होता. आज त्यांचं दुकान चालतं ते माशांच्या नावांवर नाही, या कंटाळवाण्या प्रकरणावर. माझ्या मते हीच या सगळ्या प्रवासातली खरी बातमी आहे.

भोयांची नावं आणि बारकोड

मधे थोडं मागे जाऊ. दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय यादी करणारा कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने इथल्या नद्यांतले मासे नोंदले. नवी नावं देताना त्याने लॅटिनच्या मागे स्थानिक कोळ्या-भोयांचे शब्द तसेच जोडले. खडशीचं ‘टॉर खुद्री’, मळ्याचं ‘गार्रा मुल्या’, शिंगटीचं ‘मिस्टस सींगटी’. म्हणजे मासा ओळखला नदीवरच्या माणसाने आणि छापला लंडनला. आजही विद्यार्थी काठावर गेला की त्याचा पहिला गुरू जाळंवालाच असतो. फक्त आभाराच्या पानावर तो शेवटून दुसऱ्या ओळीत येतो.

अलीकडे या कामात मोठा बदल झाला तो याच विद्यापीठात. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ साली डीएनए बारकोडिंगची कल्पना मांडली : पेशीतल्या एका ठराविक जनुकाचा तुकडा वाचायचा आणि त्यावरून जात ओळखायची. त्यांच्याच नावाचं केंद्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आहे. तिथल्या प्रा. गुलाब खेडकर आणि सहकाऱ्यांनी नर्मदेच्या खोऱ्यातल्या १७ ठिकाणांहून ८२० मासे गोळा केले. अंगावरच्या खुणांवरून त्यांच्या ९० जाती वाटत होत्या. बारकोडने ८५ जातींवर शिक्कामोर्तब केलं. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या पिशवीतही फरक पडला. फॉर्मेलिन डीएनए बिघडवतं, म्हणून आता आधी पराचा छोटा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि मगच बाकीचा मासा बरणीत जातो.

डिग्रीनंतर

इथून पुढची गोष्ट वाचकांना पाठ असेल. नेट-सेट, पीएच. डी., मग तासिका तत्त्व. वर्षातले काही महिने तास, उन्हाळ्यात काही नाही, आणि मानधन येईल तेव्हा येईल. रत्नागिरी, नागपूर आणि उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयांतून पदवी घेतलेली मुलं मत्स्यव्यवसाय खात्याच्या जागांवर डोळा ठेवून असतात. नुसत्या प्राणिशास्त्रवाल्याला तिथे शिरकाव अवघड.

मत्स्यालयात नोकरी, हा पर्याय कागदावर देखणा दिसतो. पण महाराष्ट्रात अशी मत्स्यालयं किती? मुंबईचं तारापोरवाला १९५१ साली उघडलं, मत्स्यव्यवसाय खात्याकडे होतं, २०१५ साली अ‍ॅक्रिलिकच्या बोगद्यासह नव्याने सुरू झालं आणि कोविडमध्ये बंद पडलं ते पडलंच. रत्नागिरीत झाडगावच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. आपल्या गावात सिद्धार्थ उद्यान आहे, पण तिथे शाळेच्या सहली वाघ बघायला येतात. एकंदर जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच.

२०१७ साली केंद्र सरकारने शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी नियम काढले. दुकानात पशुवैद्य किंवा मत्स्यतज्ज्ञ हवा, गोल काचेच्या भांड्यात मासा ठेवायचा नाही, वगैरे. बेकार मत्स्यशास्त्रज्ञांना एका रात्रीत बरे दिवस आले असते. व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि नियम मागे घेतले गेले. सरांचं म्हणणं, बरंच झालं. नाहीतर औषध दुकानातल्या फार्मासिस्टसारखं नुसतं प्रमाणपत्र भिंतीवर टांगायला लोकांनी त्यांना भाड्याने घेतलं असतं.

नळाला पाणी येतं त्या दिवशी

या शहरात मासा पाळणं म्हणजे पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक पाळणं. शहर नाथसागराचंच पाणी पितं. पन्नासेक किलोमीटरवरून, चढ चढवून, ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या जलवाहिन्यांतून ते येतं. नव्या, मोठ्या वाहिनीची वाट बघण्यात एक पिढी मोठी झाली. तोवर काही भागांत नळ आठवड्याने येतो. म्हणजे सर ज्या पाण्याचे नमुने बाटलीत भरून आणत, तेच आता क्लोरिन घेऊन त्यांच्या टाकीत उतरतं.

मी गेलो तेव्हा सकाळी एक गिऱ्हाईक पिशवीत मेलेला गोल्डफिश घेऊन उभं होतं. काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होता, खाणं दिलं होतं, आणि मुद्दाम सांगितलं गेलं की रविवारी टाकी ‘एकदम चकाचक’ केली होती. दगड साबणाने घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळला, सगळं पाणी बदललं. सरांनी माशाकडे पाहिलंही नाही. आधीचं पाणी किती ठेवलं, एवढंच विचारलं. काहीच नाही.

यातलं गणित असं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडत असतो, उरलेलं खाणं सडून आणखी अमोनिया होतो. टाकीच्या दगडांवर आणि स्पंजमध्ये काही जिवाणू वस्ती करून असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते बऱ्याच प्रमाणात सोसवतं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण साबण आणि क्लोरिनच्या नळाने ती अर्ध्या तासात पुसून टाकतो. मासा मग स्वतःच्याच घाणीत मरतो, तेही आरशासारख्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात.

आपल्याकडे त्यात भर पडते ती खडकाची. बेसाल्टच्या या मुलखात बोअरचं पाणी कठीण, आणि पीएच सहज आठच्या आसपास. अमोनियाची दोन रूपं असतात, एक बरंचसं निरुपद्रवी, दुसरं विषारी. पंचवीस अंशाला पीएच सात असेल तर विषारी हिस्सा एक टक्क्याच्याही खाली राहतो. पीएच आठ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. तेवढीच घाण, तेवढाच मासा, पण सौम्य पाण्याच्या गावात जो तगेल तो इथे तगत नाही. पुस्तकं आणि यूट्यूब परदेशातली, पाणी मराठवाड्याचं. निम्मे मासे या फरकात मरतात, असा सरांचा अंदाज आहे आणि तो मला पटतो.

यावर गिऱ्हाइकांनी शोधलेला उपाय म्हणजे आरओ. घरात यंत्र आहे, मग माशालाही तेच पाजू. त्या पाण्यात क्षारच नसतात. पीएच धरून ठेवायला काही उरत नाही आणि तो काही दिवसांत घसरतो. सर दोन्ही मिसळायला लावतात, आणि प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं. एन-सेव्हनमध्ये नळ, सातारा परिसरात बोअर, कुठे टँकर. टँकरचं पाणी दर वेळी निराळं. म्हणून त्यांच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे माशाची जात नसते, पाण्याचा प्रकार असतो. वार्षिक देखभालीचं कंत्राट, म्हणजे एएमसी, असलेल्या दवाखान्यांत आणि हॉटेलांत ते स्वतः जातात. तिथेही पहिलं काम सिफनने एक-चतुर्थांश पाणी काढणं. यापेक्षा जास्त पाणी ते कोणालाही एका वेळी बदलू देत नाहीत.

आणि क्लोरिन? त्यासाठी काउंटरवर एक स्वस्त बाटली असते. ‘अँटिक्लोरिन’ म्हणून विकतात, जुने लोक ‘हायपो’ म्हणतात. आत सोडियम थायोसल्फेट, नाथसागराच्या काठी ब्युरेटमधून थेंबाथेंबाने सोडलेलं तेच. बाटलीची किंमत ऐकून मला वाटलं, यात नफा काय. सर म्हणाले, यात नाही, पण यामुळे माणूस महिन्याने परत येतो आणि त्याचा मासा जिवंत असतो.

मे महिना वेगळाच. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. पंचवीस अंशाला लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम, तर पस्तीसला सात. त्यात वीज गेली की एअर पंप बंद. अशा वेळी फोन सतत वाजतो आणि उत्तर ठरलेलं असतं : खाणं बंद करा, तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत ओता, लाइट येईपर्यंत ओतत राहा.

खोकं उघडताना

शोभेचा मासा आपल्याकडे चेन्नईच्या कोळथूरहून किंवा मुंबईहून येतो. थर्माकोलच्या खोक्यात प्लास्टिकच्या पिशव्या, एक भाग पाणी आणि वर दाबून भरलेला प्राणवायू. माल पहाटे येतो. इथे सरांची पद्धत बाजारातल्या सल्ल्याच्या अगदी उलट आहे.

सगळे सांगतात, पिशवी उघडा आणि टाकीचं पाणी हळूहळू, तासभर मिसळा. जवळच्या दुकानातून आणलेल्या माशाला ते ठीक. पण चोवीस तास बंद असलेल्या पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच खाली येतो, आणि त्यामुळे जमलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात दबून राहतो. गाठ सोडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि अमोनियाचा विषारी हिस्सा झपाट्याने वाढू लागतो. तासभर मिसळत बसणं म्हणजे माशाला त्यात तासभर बुडवणं. म्हणून बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवायची, तापमान जुळलं की गाठ कापायची, मासा जाळीने उचलून सरळ नव्या पाण्यात आणि पिशवीतलं पाणी मोरीत. मी घड्याळ लावून पाहिलं नाही, पण गाठ कापल्यापासून मासा टाकीत जाईपर्यंत चहाचा घोट घ्यायलाही वेळ नव्हता. नवा माल मात्र आठवडाभर तरी वेगळ्या टाकीत राहतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका माशाबरोबर आला की सगळं दुकान बसतं.

कुलकर्णींची वाट

जिवंत माशाकडे वळणं ही मत्स्यशास्त्रज्ञासाठी काही घसरण नव्हे, हे सांगायला महाराष्ट्रात मोठं उदाहरण आहे. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० साली मुंबई इलाख्याच्या खाड्यांतला दोन-तीन सेंटिमीटरचा, जवळजवळ पारदर्शक मासा जगासमोर आणला. त्याला त्यांनी ‘होराइक्थिस सेतनाय’ हे नाव दिलं, मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि मुंबईच्या मत्स्यखात्याचे डॉ. सेतना यांच्या हयातीतच, त्यांचा सन्मान म्हणून. या माशाचा नर मादीला शुक्राणूंची काटेरी पुडी चिकटवतो. ही गोष्ट, आणि अंड्यातून पिल्लू कसं घडतं ते, त्यांनी तपशीलवार नोंदलं. बरणीतल्या नमुन्यात असलं काही दिसत नाही.

कुलकर्णी पुढे राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक झाले, आणि निवृत्तीनंतर लोणावळ्यात टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर महसीर, म्हणजे आपली खडशी, वाढवू लागले. एस. एन. ओगले त्यांच्या सोबत होते. फळवलेली अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवता येतात, हे या दोघांनी १९७९ साली दाखवलं. पाणी न भरता मासा पाठवायचा! कोळथूरचं खोकं हातात असताना सरांनी हे मला सांगितलं, आणि त्यांच्या आवाजात थोडी असूया होती.

मात्र पुढचं प्रकरणही ते टाळत नाहीत. खडशीचं बीज देशभर गेलं, कावेरीतही सोडलं गेलं. तिथे ती फोफावली आणि कावेरीची स्वतःची कुबडी महसीर मागे पडली. तिची शास्त्रीय ओळख २०१८ साली पक्की होईपर्यंत ती नामशेष होण्याच्या काठावर पोचली होती. इथे कोणाचाच हेतू वाईट नव्हता.

मोठा झालेला सकर

दुकानात सगळ्यात जास्त खपणारा मासा दिसायला कुरूप आहे. काच चाटत फिरतो, शेवाळ खातो, ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून प्रत्येकाला एक हवा. सकर. बोटाएवढा विकत घ्यायचा, आणि काही वर्षांत तो हातभर होतो. मग फोन येतो : सर, हर्सूलच्या तलावात सोडून देऊ का?

उजनीच्या मच्छीमारांना विचारा, हा प्रश्न किती महाग आहे. दक्षिण अमेरिकेतला हा मासा तिथे जाळ्यांत मुबलक येतो. अंगावर कठीण कवच, काट्यांत अडकून जाळं फाटतं. बाजारात त्याला कोणी विचारत नाही आणि काठात बिळं करून तो अंडी घालतो. कुठल्या तरी टाकीतून निघालेलाच तो मासा. सरांचा प्रबंध आज कोणी नव्याने लिहायला घेतला, तर यादीत त्यांच्या दुकानातली नावं येतील, याची त्यांना धास्ती आहे.

म्हणून काउंटरवर हाताने लिहिलेली पाटी आहे : मोठा झालेला मासा परत आणा, नदीत सोडू नका. परत आणणाऱ्याला नव्या माशावर सूट. पैसे रोख द्या, असा आग्रह धरणारेही भेटतात. आलेले सकर मागच्या मोठ्या टाकीत जातात. एखाद्या हॉटेलला हवा असेल तर तिकडे. बाकीचे तिथेच. शास्त्रात याचं उत्तर सोपं आहे. लवंगतेलाची पुरेशी मात्रा पाण्यात दिली की मासा आधी बेशुद्ध होतो आणि मग मरतो. तेलाची बाटली सरांनी आणूनही ठेवली आहे. विद्यार्थिदशेत शेकडो मासे फॉर्मेलिनमध्ये घातलेल्या या माणसाने तिचं सील अजून फोडलेलं नाही. उलट गेल्या उन्हाळ्यात मागे आणखी एक टाकी घेतली. तिचा पंप दिवसरात्र चालतो आणि वीजबिलावरून घरात दर महिन्याला बोलणी होतात.